बांधावरचं सोनं

पिल्यारोत मूल बोलायला लागलं की आधी आईला हाक मारतं आणि मग सोनं कुठे पुरलंय ते सांगतं. डेल्फिन तितुआन्या याच गावात जन्मला, इथेच म्हातारा झाला, पण सोन्याबद्दल त्याने उभ्या आयुष्यात स्वतःचं मत कधी दिलं नाही. त्याचं पोट दुसऱ्यांच्या मतांवर चालायचं.

तो हमाल. गावाच्या पूर्वेला यांगानातेसचे डोंगर, बारा महिने धुक्यात आणि चिखलात बुडालेले. इन्का राजाच्या सुटकेसाठी निघालेलं सोनं, राजाला स्पॅनिश लोकांनी मारल्याचं कळताच वाटेतूनच वळवलं आणि या डोंगरांत लपवलं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे जितकी तोंडं तितकी ठिकाणं. एक जर्मन म्हणे, सोनं तळ्यात आहे आणि तळंही माणसांनीच मुद्दाम बांधलंय. त्याची रबरी होडी डेल्फिनने डोंगरावर चढवली. राजधानीतून, कितोहून, आलेला इंजिनिअर म्हणाला, तळं ही निव्वळ हूल, खरं सोनं जुन्या भट्टीमागच्या गुहेत. त्याचं लोखंडी यंत्रही डेल्फिनच्याच पाठीवर. एका पाद्र्याच्या मते सोनं इथे थांबलंच नव्हतं, पलीकडच्या जंगलात उतरवलं होतं. आणि एक इंग्रज बाई छातीठोकपणे सांगायची, की सोनं केव्हाच कुणीतरी बोटीत घालून नेलं. ती फक्त रिकामा खड्डा शोधायला आली होती. तिचं सामान सगळ्यांत हलकं, म्हणून डेल्फिनला तिचंच म्हणणं त्यातल्या त्यात पटलं होतं.

"तुला काय वाटतं, डेल्फिन?" असं कुणी विचारलंच तर तो "असेल, मालक" म्हणायचा आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. कपाळावर ओझ्याचा पट्टा, पिशवीत सातूचं पीठ, की झाली त्याची मोहीम. घरी परतला की बायको एतेल्विना दारातच पाय बघायची.

"डोंगर पोखरून लोक उंदीर तरी काढतात. तुम्ही नुसता चिखल आणता."

अशाच एका मोहिमेवर असताना त्याची आई गेली. तो परतला तेव्हा धाकट्या भावाने, आबेलिनोने, तिला पुरूनही टाकलं होतं. माझ्यासाठी दोन दिवस थांबता आलं नाही, हे डेल्फिनच्या मनात रुतून बसलं. त्याने ते विचारलं नाही आणि आबेलिनोनेही आपणहून काही सांगितलं नाही. तिथपासून दोघांचं बोलणं बंद. शेतं एकमेकांना लागून, मधे एक बांध. एक भाऊ बटाटे खणायला आला की दुसरा पाठ करून खणायचा. गावाने मिळून पाटातला गाळ काढायचा दिवस आला की एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. दहा-बारा वर्षं अशी गेली. डेल्फिनला भावाची आठवण यायची, रोज यायची, पण हे तो ओझ्याखाली चिरडून मेला असता तरी बोलला नसता.

ईस्टरनंतरच्या एका सकाळी आबेलिनो दारात उभा राहिला. हातात टोपी.

"वहिनी, दादा आहे?"

बटाटे सोलणाऱ्या एतेल्विनाची सुरी थांबली. "आहे की. आज कुणाचं सोनं हरवलेलं नाही."

डेल्फिन बाहेर आला. आबेलिनो त्याच्या पायांकडे बघत म्हणाला, "आपल्या बांधावर पेटलं होतं. निळी ज्योत. मी पाहिली."

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात जमिनीतलं सोनं पेटतं आणि ज्योत दिसेल तिथे खणायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खणणाऱ्यांच्या मनात एकमेकांबद्दल अढी असेल तर फावड्याखाली सोन्याचा कोळसा होतो, हेही.

"मग खण की एकटा."

"बांध दोघांचा आहे." आबेलिनोने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या मनात काही नाही, दादा. तुझ्या?"

डेल्फिनला एक गोष्ट माहीत होती. मोठ्या भूकंपात पडलेलं आजोबांचं घर नेमकं त्या बांधावर होतं आणि चूलही तिथेच. वडिलांनी त्याला जागा दाखवली होती. आबेलिनो तेव्हा अंगावर पीत होता. खणलं तर कोळसा निघणार, आणि तो निघाला की भाऊ समजणार, दादाने अजून माफ केलेलं नाही. हे आत्ताच सांगावं, तर आबेलिनो टोपी घालून चालता होणार, आणि पुन्हा कशाला येईल? डेल्फिनला सोनं नको होतं. त्याला भाऊ हवा होता.

"काही नाही," तो म्हणाला. "शनिवारी खणू."

शनिवारी त्यांनी उसाची दारू तोंडात घेऊन जमिनीवर फुंकली, विड्या पेटवल्या, म्हणजे सोन्याची विषारी वाफ बाधू नये. मग फावडी चालू झाली. आधी बटाट्यावरच्या रोगाबद्दल बोलणं निघालं, मग आबेलिनोच्या मुलीच्या लग्नाबद्दल. त्या लग्नाचा बँड डेल्फिनने बांधापलीकडून ऐकला होता. इंग्रज बाईची गोष्ट ऐकून आबेलिनो इतका हसला की त्याला खोकला लागला. दुपारी एतेल्विनाने गिनीपिग भाजून आणला. घरचा गिनीपिग ती ऐऱ्यागैऱ्यासाठी मारत नाही. जेवणं होऊन पहिलं फावडं पडलं आणि माती काळी झाली.

आबेलिनोने ओंजळभर कोळसा उचलला. दादाकडे न बघता तो मातीच्या ढिगावर बसला.

"मी तर मेणबत्ती लावून, मन साफ करून आलो होतो," तो म्हणाला.

आजोबांची चूल आहे रे, असं सांगायला डेल्फिनने तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

"माझ्यासाठी दोन दिवस थांबला असतास, तर काय बिघडलं असतं?"

"दोन?" आबेलिनो ताडकन उठला. "चार दिवस ठेवली मी आईला! गाव नावं ठेवत होतं. डोंगरात निरोप्या धाडला, तो पुरामुळे अर्ध्या वाटेतून परतला. मरताना ती विचारत होती, डेल्फिन कुठाय. काय सांगू तिला? परक्यांचं सोनं शोधतोय म्हणून?"

"मी ओझं वाहत होतो. पोटासाठी."

"तेच सांगितलं मी तिला. येतोय म्हणालो."

डेल्फिनने बायकोकडे बघितलं. ती ताटं गोळा करत होती.

"खरंय," ती म्हणाली. "पण भाऊजींचं नाव काढलं की तुम्ही जेवणावरून उठायचात. कुणाला सांगणार होते मी, भिंतीला?"

डेल्फिन खड्ड्याच्या काठावर बसून रडला, चांगला मोठ्याने, पोरासारखा. आबेलिनोने त्याला रडू दिलं. स्वतःचंही नाक टोपीला पुसलं.

"निघालं का सगळं?" त्याने विचारलं.

"निघालं. तुझं?"

"माझंही." आबेलिनोने ओंजळीतला कोळसा बांधापलीकडे भिरकावला आणि फावडं भावाच्या हातात दिलं. "मग बसलास काय? खण."

चुलीबद्दल चकार शब्द न काढता डेल्फिन खड्ड्यात उतरला.