गिअरबाईंच्या गाडीचा तेलडबा

गिअरबाई हे नाव तिला शिकाऊ लोकांनीच ठेवलं होतं. गाडी चालवायला शिकवणं हा तिचा धंदा. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादाचा ब्रेक, आणि तोंडाने अखंड चालू, "आधी क्लच, मग गिअर, मग गप्पा." उभी हयात अशी गोगलगायीच्या चालीने गेली. गुडघे कुरकुरायला लागले तशी तिने ड्रायव्हिंगची शाळा पुतणीच्या हवाली केली आणि स्वतःसाठी गाडी घेतली. जुनी, लाल, छोटीशी, पण टर्बोवाली.

"आता या वयात टर्बो?" जाऊबाईंनी विचारलं.

"मग कोणत्या वयात?" गिअरबाई म्हणाली. "आजवर लोकांना 'हळू, हळू' म्हणून माझीच जीभ झिजली."

तिचा नवरा वाद्यं दुरुस्त करायचा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बँडवाल्यांची मोठमोठी पितळी धुडं. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. सगळे त्याला मास्तर म्हणत. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्याला खंतही नव्हती.

एकदा गिअरबाई घाटाच्या चढावर गाडी पळवून आली, तर मागून निळसर धूर. ती थेट मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. मिस्त्री तिचा जुना ओळखीचा. शाळेच्या गाड्या त्यानेच जगवल्या होत्या. त्याने हवेचा एक जाड पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि तिच्यासमोर धरलं. बोट तेलाने चकचकत होतं.

"इंजिन खराब आहे का?" तिचा चेहरा उतरला.

"छे हो. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ होते. ती या नळीतून परत हवेच्या वाटेला येते. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, म्हणून जोर जास्त आणि वाफही जास्त. मग पुढचं सगळं आतून तेलकट, आणि ते तेल जळलं की निळा धूर. मध्ये एक डबा बसवायचा. वाफ डब्यात शिरते, थंड होते, तेल खाली राहतं आणि नुसती हवा पुढे जाते."

"मग तो मीच बसवणार."

"बसवा की. मी बघतो. फक्त हात भाजला तर माझ्या नावाने ओरडू नका."

तिने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणला. टर्बोच्या बाजूला भट्टीसारखी धग, म्हणून पुढे वारं लागेल अशी जागा शोधली आणि लोखंडी पट्टीवर डबा घट्ट आवळला. नळीला मात्र तिने काटकसर केली. घरात पाण्याची नळी पडून होती, तीच जोडली. काही दिवसांत ती तेल पिऊन फुगली आणि बोटाने दाबली तर आत जाईल इतकी लिबलिबीत झाली. मिस्त्री हसला नाही, पण मिशी थरथरली. मग तेलाची खास नळी आली, ती आवळायला नवे क्लॅम्प आले, कुठे झोळ पडून तेल साचू नये म्हणून नळीला नीट उतार दिला. सगळं कसं पुस्तकासारखं.

तरीही डबा कोरडा ठणठणीत! आणि पुढचा पाइप पुन्हा तेलकट.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" मिस्त्री म्हणाला.

"आडात भरपूर आहे. पोहराच फुटका आहे!" गिअरबाईने तणतणत डबा सोडवला, तो घेऊन घर गाठलं आणि नवऱ्याच्या टेबलावर आदळला.

मास्तर एका ट्रम्पेटचा पोचा काढत होता. "अगं, हळू. काय आहे हे?"

तिने सगळं सांगितलं. मास्तरने झाकण उघडलं, बारका दिवा आत सोडला आणि म्हणाला, "बडा घर, पोकळ वासा. आत काहीच नाही की! इकडून आलेली वाफ सरळ तिकडून निघून जाते. तिला थांबायला कारण काय?"

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

मास्तरने हातातलं ट्रम्पेट उलटं केलं. नळीच्या वळणाखाली एक छोटी चावी होती. "ही कशाला असते? वाजवणाऱ्याच्या श्वासातली वाफ थंड पितळेला लागते, तिचं पाणी होतं आणि इथे साचतं. चावी दाबून ते काढून टाकायचं. तुझा डबाही तेच करणार ना? मग वाफेला थंड धातूवर आपटू दे, वळणं घेऊ दे."

गिअरबाई खाली बसली. इतकी वर्षं ती चावी तिच्या डोळ्यांसमोर होती.

"भांडी घासायची तारेची घासणी कोंबू का आत?" तिने विचारलं.

"नको. तिचे तुकडे सुटतात. वाजवणाऱ्याच्या घशात काही गेलं तर तो मला शिव्या देईल. इंजिन शिव्या देणार नाही, एकदम मरेल."

त्याने भोकं असलेल्या पितळी पत्र्याची गुंडाळी केली आणि वाफ आत येते तिथे खाली उतरणारी नळी बसवली. अ‍ॅल्युमिनियम डाख देऊन जोडलं जात नाही, म्हणून सगळं स्क्रूने पक्कं केलं. कडा कानशीने घासण्याचं काम गिअरबाईकडे आलं. दोघांच्या मध्ये एकच दिवा होता, आणि ती चक्क काहीही न बोलता घासत होती. मास्तरने मध्येच विचारलं, "बरं वाटत नाही का तुला?"

डबा बसवायला या वेळी मास्तरही गॅरेजात आला. त्याने नळीचं एक टोक अंगठ्याने बंद केलं, दुसऱ्या टोकातून फुंकर मारली आणि कान लावला. "इथून हवा निसटते." खरंच, एक क्लॅम्प तिरका बसला होता. मिस्त्रीने तो सरळ केला आणि म्हणाला, "मास्तर, माझ्याकडे नोकरीला या."

"आधी ही सोडेल का विचारा."

मग दोघं घाटात गेली. चढावर गिअरबाईने पाय दाबला, टर्बोने बारीक शीळ घातली आणि मास्तर डोळे मिटून म्हणाला, "सूर चांगला आहे. जरा चढा आहे, पण चांगला आहे." ती इतकी हसली की पुढच्या वळणाला वेग कमी करावा लागला. मागे धूर नव्हता.

थंडी पडल्यावर तिने पहिल्यांदा डबा रिकामा केला. दुधाळ कॉफीसारखा गढूळ, तेल-पाणी मिसळलेला उग्र वासाचा द्रव भांड्यात उतरला, आणि तो तिने मिस्त्रीला अशा कौतुकाने दाखवला की जणू पहिला नातू. मिस्त्रीने हवेच्या पाइपात बोट फिरवलं. बोट कोरडं.

आता मास्तरच्या खोलीत सॅक्सोफोनच्या रांगेत दोन-तीन डबे उघडे पडलेले असतात. मिस्त्रीने पाठवलेलं गिऱ्हाईक आपला डबा घेऊन दारात आलं की मास्तर कुरकुरतो, "मी वाद्यवाला माणूस आहे हो." तोवर गिअरबाईने डबा हातात घेऊन झाकण उघडलेलं असतं, आणि मास्तर चष्मा पुसून तिच्या बाजूला सरकतो.