हसलं की फोटो काढणारा कॅमेरा

हातात मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं नवरा म्हणाला होता. मी हट्टाने घेतलाच. पर्सच्या छोट्या कप्प्यात मावेल इतका चपटा. बटण दाबलं की भिंग बाहेर यायचं, बंद केला की आत. त्यातली एक सोय मला फार आवडायची: समोरचा माणूस हसला की फोटो आपोआप निघायचा.

सणसरला माहेरी गेले, तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, सकाळीच फर्मान काढलं. "एक बरा फोटू काढून ठिव माझा. मी गेल्यावर मागनं भितीवर लावायला आधार कार्डावरचा नको." आमच्याकडे म्हातारी माणसं ही तयारी स्वतःच करतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फेटा बांधून ते ओट्यावर खुर्चीत ताठ बसले. असल्या फोटोत कुणी हसत नाही, पण मी अडूनच बसले.

"हसा की आबा!"

पहिला फोटो आपोआप निघाला, झकास. फेटा तेवढा कललेला. तो सोडून पुन्हा बांधला, आणि मग कॅमेरा गप्प. चेहऱ्याभोवती चौकोन यायचा, फोटो काही निघेना.

"हसतूय की," आबा म्हणाले.

"फोटूत हसायचं म्हंजी त्यांच्या जिवावर येतं," आई आतून म्हणाली.

मला ते पटलं. वैतागून मी हातानेच बटण दाबत राहिले. "नीट हसा! असं काय करता?" मग कसे आलेत ते बघायला एक फोटो पडद्यावर मोठा केला. तोंडाची उजवी बाजू हसत होती. डावी खाली ओघळली होती.

मी कॅमेरा खाली ठेवला. "आबा, दोन्ही हात वर करा." उजवा वर गेला. डावा मांडीवरच राहिला.

शेजारच्या तात्यांनी गाडी काढली. बारामतीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागोमाग एक, आणि प्रत्येकीमागे अडकलो की मला दरदरून घाम फुटायचा. आबांचा डावा हात मी घट्ट धरला होता. तो मला धरत नव्हता. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटत होती आणि नजर काढायचीही.

"हे कधी सुरू झालं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. "नक्की वेळ सांगा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं."

"आत्ताच की, निगायच्या जरा आदी," तात्या म्हणाले.

मी कॅमेरा पुढे केला. प्रत्येक फोटोवर वेळ होती. डॉक्टर एकेक फोटो सरकवत गेले. पहिल्यात तोंड सरळ. दुसऱ्यापासून वाकडं, मग आणखी वाकडं. असे नऊ फोटो. वीस मिनिटं मी त्यांच्यावर डाफरत होते.

"वेळ आहे अजून," म्हणत त्यांनी आबांना आत नेलं.

दार बंद झालं आणि मी बाकावर बसले. आबा गेले तर माझं डाफरणंच कानात घेऊन जातील, एवढा एकच विचार डोक्यात होता. आई शेजारी बसून होती. तिला मी ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. तोंड बरंचसं जागेवर आलं होतं, जीभ अजून जड होती. मी जवळ वाकले. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"हसलो व्हतो की गं मी," आबा म्हणाले.