कर्जाचे साहेब आणि माझं बाळंतपण

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तर तो दुप्पट झाला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. आम्ही काळेवाडीत भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. आमचे हे पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत नुकतेच लागले होते. मालकीणबाई स्वभावानं वाईट नव्हती, आपल्याबरोबर माझीही घागर नदीवरून भरून आणायची. पण माझं पोट दिसायला लागलं तसं तिनं एक दिवस मला ओट्यावर बसवून सांगितलं, "पोरी, आमच्यात देव हायेत घरात. सोयर न्हाई चालायचं. बाळातपणाला तू म्हायेरी जा."

माहेर म्हणावं असं मला काही नव्हतं. आईवडील मी परकर नेसत होते तेव्हाच गेले, आणि मामानं लग्न लावून दिलं तिथं त्याचं काम संपलं. सासरी साताऱ्याकडं दोन दिरांचे संसार एका खोलीत दाटीवाटीनं राहत होते. पुण्याला दवाखाना होता, पण तिथून दोन दिवसांचं बाळ घेऊन यायचं कुठं? मालकीणबाईच्या घरात जन्माचा विटाळ चालणार नव्हता. तेव्हा बाळाच्या आधी घर हवं होतं. चिंचवडला स्टेशनच्या अलीकडे यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर कर्ज काढून बांधायचं ठरलं.

गावातल्या पतपेढीत कर्जाचं काम दोघं जण बघत. कुणाकडे अर्ज द्यायचा ते आपण ठरवायचं. कंपनीतले सगळे म्हणत, पहिल्याकडे जा, माणूस लाख आहे. म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, यांना पान दिलं आणि अर्ज न वाचताच म्हणाले, "होऊन जाईल हो. वहिनी, दिवाळीचा फराळ नव्या घरात करा." आमच्या ह्यांची कळी लगेच खुलली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. ज्याला आमची अडचण माहीतच नाही, तो ती सोडवणार कशी?

"त्या दुसऱ्यांनाही विचारू," मी म्हणाले.

"ते कटकटे आहेत असं ऐकलंय."

"मीही आहे. बघू आमचं जमतंय का."

दुसऱ्या साहेबांनी बसासुद्धा म्हटलं नाही. जाड भिंगांचा चष्मा सरकवत त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला, मग यांना विचारलं, "घाई लिहिलीय. कशाची घाई?"

हे खाली बघायला लागले. त्या काळात चारचौघांत बोलायची ही गोष्ट नव्हती, पण मला राहवलं नाही. "बाळंतपणाची," मी म्हणाले, आणि मालकीणबाईचं, माहेरचं, सासरचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी टाक खाली ठेवला. "मग दोन खोल्या मागता कशाला? जोतं दोन्ही खोल्यांचं घाला, भिंती एकीच्याच उभ्या करा. आमचे पैसे एकदम मिळत नाहीत. जोतं झालं की थोडे, भिंती झाल्या की थोडे, छपराला उरलेले. खोली एक असली तर लवकर शेवटाला जाल. तरीसुद्धा वेळेत होईल असं मी म्हणत नाही. सिमेंट सरकारी परमिटवर मिळतं, ते कधी हाती येईल सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "हा माणूस तर आधीच नाही म्हणतो." मी म्हटलं, मला हाच हवा. या गावात घाई कशाची, हे विचारणारा तो पहिला माणूस होता.

पुढचे काही महिने ते अगदी बोलल्यासारखे वागले. कुठल्या कचेरीत कधी जायचं, कुठला उतारा काढायचा, हे यांना ते पुन्हा पुन्हा सांगत, आणि हे विसरले की रागवत. गहाणखताच्या दिवशी त्यांनी मलाही समोर बसवून सगळा कागद समजावला. "बाई, घर तुमचंच. गहाण म्हणजे तुमचा शब्द आमच्याकडे ठेवलेला आहे, एवढंच." जोतं बघायला ते सायकलवरून आले, तेव्हा एक कोपरा कच्चा वाटला म्हणून गवंड्याला तो उसकटून पुन्हा बांधायला लावला. मी चहा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. मला तो जरा मिजासखोरपणा वाटला.

भिंती झाल्या आणि सिमेंटचं गाडं अडलं. परमिट येईना. डोक्यावर छप्पर नसलेल्या चार भिंती तशाच उभ्या राहिल्या. मला नववा लागला होता. मालकीणबाई आता माझ्याशी बोलताना नजर चुकवायची, तिलाही वाईट वाटत असणार. आणि अशात एक दिवस हे पतपेढीतून पडलेल्या चेहऱ्यानं आले. आमचं प्रकरण साहेबांनी सोडून दिलं होतं. आता ते त्या पानवाल्या गोड साहेबांकडे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोट सांभाळत पतपेढीत जाऊन उभी राहिले. "असं अर्ध्या वाटेत टाकायचं होतं तर हातात कशाला घेतलंत?" सगळी पतपेढी ऐकत होती.

त्यांनी मान वर केली नाही. "घरी जा बाई. उन्हात फिरू नका. संध्याकाळी कुणीतरी येईल."

मी तणतणत परत आले आणि भाकऱ्या थापताना परातीवर राग काढला. संध्याकाळी दारात टांगा थांबला. त्यातून नऊवारीतल्या एक ठेंगण्या बाई उतरल्या आणि आत येऊन सरळ माझ्या पाटावरच बसल्या. "मी त्यांची बायको," त्या म्हणाल्या. "कपडे घे तुझे. बाळंतपण आमच्याकडे होणार. घर आमचं आहे, कुणाला विचारायला नको. सुईणीलाही सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, "पण त्यांनी तर आम्हाला सोडलं."

"सोडल्याशिवाय तुला घरात कसं घेणार? ज्याच्या कर्जावर सही करायची त्याच्याशी घरोबा करायचा नाही, असा त्यांचा नेम. त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. चार दिवस तळमळत होते. शेवटी काल सकाळी म्हणाले, कागद दुसऱ्याला देतो, तू तिला घेऊन ये. मला दोन्ही मुलगेच गं, घरात लेकीचं बाळंतपण म्हणून कधी झालंच नाही."

आमची जात त्यांनी विचारली नाही. त्या काळात हे न विचारणं सोपं नव्हतं. मी कपडे बांधले आणि निघाले.

मुलगी झाली. त्या बाईंनी मला शेक दिला, डिंकाचे लाडू खाऊ घातले, रात्री मूल रडलं की माझ्या आधी उठल्या. साहेब मात्र माझ्याशी फारसे बोलत नसत. कचेरीतून आले की पाय धुऊन पाळण्यापाशी उभे राहायचे आणि चष्मा काढून बाळाकडे बघायचे. मला त्या घरात फार सुख लागलं. इतकं, की जायचं मनात आलं की मी उठून बाईंच्या शेजारी जाऊन बसायचे.

बारसं त्यांच्याच ओसरीवर झालं. तोवर सिमेंट मिळालं होतं, आमच्या खोलीवर छप्पर चढलं होतं, आतून गिलावाही झाला होता. एक दिवस हे टांगा घेऊन मला न्यायला आले. बाईंनी माझी ओटी भरली. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून उंबऱ्याशी आले, तेवढ्यात साहेब फाटकातून आत शिरले. ते आमच्या घराकडूनच येत होते.

"भिंतींना हात लावून बघितला," ते यांना म्हणाले. "ओल्या आहेत."

"पण तुमच्या पतपेढीनं कालच पास केलं घर," हे चाचरत म्हणाले.

"मीही केलं असतं. कर्जापुरतं घर पुरं झालंय. पण माझी लेक तान्ह्या पोरीला घेऊन त्या ओलीत जायची नाही. भिंती वाळू द्या, मग न्या."

हे टांगेवाल्याशी बोलायला गेले. मी आत येऊन बाळाला परत पाळण्यात ठेवलं आणि पदरात तोंड खुपसून पोटभर रडले. इतक्यात जाऊ नको, असं म्हणणारं माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं.