दहा नखं

पनवेलच्या एका दवाखान्यात मी पूर्ण तपासणीचं पॅकेज घेऊन बसलो होतो. मला काहीच होत नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्यांनी केली, म्हणून मीही आलो. शेजारी उरणकडची एक म्हातारी बसली होती. मांडीवर जाडजूड फाईल, आणि चपला काढून पायांची बोटं हलवत होती.

"काय होतंय, आजी?"

"नखं वाढलीत. वाकता येत नाय, चपलेत बोचतात. यांनी रक्त घेतलं, छातीची पट्टी काढली, गुडघ्याचा फोटो काढला. नखं तेवडी कोनी कापली नाय."

माझ्या किल्ल्यांना नेलकटर होतं. कबूल करतो, मी खिसा घट्ट दाबून धरला. पण किल्ल्या वाजल्याच.

"काय हाय खिशात?"

शेवटी मी खाली बसलो. अंगठ्याचं नख उडून थेट चौकशीच्या टेबलावर पडलं. दहाही नखं कापून झाल्यावर आजी चपला घालून दारापर्यंत दोनदा चालून आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो डॉक्टर चांगला हाय!"

मी मान वर केली. समोरच्या बाकावरच्या तीन आजोबांनी चपला काढून पाय पुढे केले होते. तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि मी पळालो.

तासाभराने खरे डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." बाहेर आलो, तर ते सहा पाय अजून तसेच पुढे होते.

"या, डॉक्टर," एकाने हाक मारली.

मी माझ्या रिपोर्टांची फाईल तोंडापुढे धरली आणि जिन्याने सटकलो.