ताटाखालची गोधडी

"उसव."

मिसच्या तोंडून दिवसातून सगळ्यात जास्त वेळा निघणारा शब्द हाच. ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे तो "उफव" असा ऐकू येई. पण हसायची प्राज्ञा नव्हती. झबलं, पोलकं, उशीचा अभ्रा, हातात असेल ते आम्ही निमूटपणे उसवायला घेत असू. टाका कुठे चुकला हे मिस सांगत नसत. म्हणत, "उसवताना कळेल."

गिरगावातल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा शिवणवर्ग भरे. दोन खोल्या, सात मशिनं आणि आम्ही पंधरा-सोळा मुली. मी लालबागहून येत असे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. मॅट्रिकला गणितात आपटल्यावर त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही, फक्त या वर्गाची फी भरून आले.

मिस आमच्या शिक्षिका. राहायला जवळच, खोताच्या वाडीत. पन्नाशीच्या असाव्यात. पिंढऱ्यांपर्यंत येणारा करड्या रंगाचा झगा, पायांत काळे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. आम्हा सगळ्या साडीतल्या मुलींत त्या शाळा तपासायला आलेल्या बाईंसारख्या दिसत. पण बोलायला लागल्या की अस्सल मराठी, वसईकडच्या वळणाचं, वाक्याच्या शेवटी 'गो' लावून. नव्या मुली चमकत. एकीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मिस, तुम्ही मराठी कधी शिकलात?"

"आईच्या पोटात," मिस म्हणाल्या. "तू?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की ज्यांच्याबरोबर आपण रोज सहा-सहा तास काढतो आणि त्यांच्या घरी कोण कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. मिसबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं, की वर्ग सुटला की त्या जमिनीवर पडलेले कापडाचे उरलेसुरले तुकडे गोळा करतात आणि पिशवीत भरून घरी नेतात. मी एकदा म्हटलं, "मिस, त्या चिंध्या मी टाकून येते."

"चिंध्या नाही गो. तुकडे. चिंधी फाटलेली असते, हे कापलेले आहेत."

एके दिवशी त्यांची पिशवी कलंडली आणि तिच्यातून लाल, गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचे बदाम बाहेर पडले. पत्त्यांतल्या बदामासारखेच, पण कापडातून कातरलेले. मग काय, मुलींना विषयच मिळाला. मिसचं कुणावर तरी मन असणार! गोदीतला कुणी साहेब, नाहीतर चर्चमध्ये पेटी वाजवणारा तो टकला गृहस्थ. शेवटी आमच्यातल्या धीट मुलीने विचारलंच, "मिस, हे बदाम कुणासाठी?"

मिसनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"ताटाखाली घालायला."

"ताटाखाली?"

"टेबलावर ताट ठेवतात ना, त्याच्याखाली. छोटी गोधडी असते."

आम्ही हसून हसून मशिनांवर पडलो. आमच्या घरी बसायला पाट मिळाला तरी खूप. ताटाखाली गोधडी म्हणजे चैनच! मिसही थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, "हसून झालं? आता काजं करा."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा सभा. वर्ग कधी भरे, कधी नाही. आमचे वडील प्रत्येक मोर्चाला जात. मी सांगते आहे त्या दिवशीही ते सकाळीच गिरणीतल्या मंडळींबरोबर बाहेर पडले होते, आणि मी आईचं न ऐकता वर्गाला आले होते. दुपारी एकाएकी रस्त्यावर पळापळ सुरू झाली. दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. मग फटाक्यांसारखे आवाज आले. ते फटाके नाहीत हे कुणीतरी ओरडून सांगितलं, तेव्हा कळलं. जवळपासच्या मुली मागच्या जिन्याने घरी पळाल्या. थोड्याच वेळात संचारबंदी लागल्याची बातमी आली. लालबागला जाणं शक्यच नव्हतं.

मिसनी माझा दंड धरला. "चल."

खोताच्या वाडीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. अरुंद गल्ली, लाकडी घरं, बाहेरून वर जाणारे जिने. मिसचं घर वरच्या मजल्यावर होतं. आत गेल्यावर प्रथम दिसलं ते टेबल. काळ्या लाकडाचं, लांबलचक, भोवती सहा खुर्च्या. प्रत्येक खुर्चीसमोर एक छोटी गोधडी अंथरलेली. प्रत्येकीवर चार चौकोन, प्रत्येक चौकोनात एक बदाम, आणि भोवती इतका बारीक धावदोरा की मोजू म्हटलं तर मोजता येऊ नये.

"कुणी यायचंय का जेवायला?" मी विचारलं.

"नाही. मी एकटीच असते."

त्यांनी भात आणि बोंबलाचं कालवण गरम करून आणलं. मी कुठे बसू ते मला समजेना. मी एक खुर्ची ओढली तशा त्या पटकन म्हणाल्या, "तिथे नको गो. तिथे आज मी."

मग जेवता जेवता, आज वार कोणता हे सांगावं इतक्या सहज त्यांनी मला ते सांगितलं. सोमवारी त्या पपांच्या खुर्चीवर जेवत. मंगळवारी ममाच्या. बुधवारी थोरल्या भावाच्या. तो गोदीत होता, चव्वेचाळीस साली तिथे स्फोट झाला त्या दिवशी कामावर गेला तो गेलाच. गुरुवारी बहिणीच्या. ती लग्न होऊन आफ्रिकेत गेली, आधी पत्रं यायची. शुक्रवारी धाकट्या भावाच्या. तो विलायतेत असतो, नाताळला कार्ड पाठवतो. आणि शनिवारी स्वतःच्या.

"म्हणजे सगळ्या सारख्या झिजतात," त्या म्हणाल्या. "एकच वापरली तर ती विटेल आणि बाकीच्या नव्या राहतील. वाईट दिसतं."

"आणि रविवारी?"

"रविवारी मी स्वैपाकघरात उभ्याने खाते."

तो गुरुवार होता. त्या बहिणीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांनी मला स्वतःची दिली होती.

जेवण झाल्यावर माझा धीर सुटला. वडील मोर्चात होते. गोळ्या कुठे झाडल्या, कुणाला लागल्या, कुणालाच सांगता येत नव्हतं. शेजारचे म्हातारे गृहस्थ जिन्यातून एकदा सांगून गेले, दहा माणसं पडली. पुन्हा येऊन म्हणाले, दहा नव्हे, दोन. मी रडायला लागले. मिसनी मला जवळ घेतलं नाही, की समजूतही घातली नाही. त्यांनी तुकड्यांची पिशवी आणून टेबलावर ओतली.

"कागद दुमड. अर्धा बदाम काढ. काप."

मी कापला. उघडला तर पुरा बदाम.

"आता हा कापडावर ठेव. कापताना चारी बाजूंनी करंगळीच्या नखाएवढं जास्त ठेव, आत दुमडायला. आणि वरच्या खाचेत कात्री मारायची, पण शेवटपर्यंत नाही. दोन धाग्यांची जागा ठेव. ती ठेवली नाहीस तर फाटतो, आणि कात्री मारलीच नाहीस तर वळत नाही."

सुई बोटात गेली. मिसनी स्वतःचं अंगुस्तान काढून माझ्या बोटात घातलं. समोरच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मधूनच पोलिसांच्या गाडीचा आवाज येई, तेव्हा मी थांबे, आणि मिस वर न बघता म्हणत, "हात थांबवू नको गो."

तीन बदाम त्यांनी लावले, एक मी लावला. चार चौकोन जोडले, खाली जुन्या चादरीचे दोन पदर घातले आणि दोघींनी दोन बाजूंनी धावदोरा घालायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कडेने पट्टीचा गोट लावून झाल्यावर मिसनी ती गोधडी हाताने सपाट केली आणि बघत राहिल्या. माझा बदाम एका अंगाला कलला होता. खालचं टोक तर बोथटच झालं होतं. मी कात्री पुढे ओढली आणि वाट बघत बसले.

"राहू दे," मिस म्हणाल्या.

दोन वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्याच दुपारी चार तासांसाठी संचारबंदी उठली. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात वडील उभे. डावा हात गळ्यात बांधलेला, सदरा मळलेला, दोन दिवसांची दाढी. पळापळीत पडून त्यांचा हात मोडला होता. तशा हाताने ते लालबागहून चालत आले होते. आधी वर्गावर गेले, तिथे कुलूप बघून वाडीत विचारत विचारत इथपर्यंत.

"बरी आसस मा गो बाय?" मालवणीत एवढंच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. वडिलांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मिसनी त्यांना बसायला सांगितलं. माझे वडील जुन्या वळणाचे. परक्या घरी पाणीसुद्धा विचार करून घेणारे. त्या दिवशी त्यांनी एका हाताने तोंड धुतलं आणि समोरची खुर्ची ओढून ते बसले. ती मिसच्या पपांची, कालच त्यांनी मला दाखवलेली. मिसचा हात ताटावर क्षणभर थबकला. मग त्यांनी वाढलं.

वडिलांनी ताटाखालची गोधडी पाहिली, ताट उचललं, ती अलगद काढून घडी करून बाजूला ठेवली. "ह्यां कित्याक? खराब होतला ना!"

"होऊ दे," मिस म्हणाल्या आणि घडी उलगडून पुन्हा ताटाखाली घातली. "जेवणारा असला की खराब होतं."

निघताना वडील म्हणाले, "बाईनू, तुम्ही आमच्यातलेच."

मिस जरा ताठ झाल्या. "आम्ही इथलेच हो. ह्या वाडीत माड होते तेव्हापासून."

वडील ओशाळले. "चुकलंय," म्हणाले आणि हात जोडता येत नव्हते म्हणून त्यांनी मान लववली.

त्यानंतरच्या रविवारी मी आईने दिलेले सोलकढीसाठी आमसुलं घेऊन मिसकडे गेले. टेबलावर, कोपऱ्यात, सातवी गोधडी अंथरलेली होती. कललेल्या बदामाची. स्वैपाकघरातलं स्टूल तिच्यासमोर मांडलेलं.

"रविवार तुझा," मिस म्हणाल्या.

मी दर रविवारी जाऊ लागले. आम्ही फारसं बोलत नसू. जेवत असू, मग त्या मला कापडाचे उभे-आडवे धागे ओळखायला शिकवत. कधी धाकट्या भावाची कार्डं दाखवत. त्यांवर बर्फ असे आणि खाली दोन ओळी. एकदा मी विचारलं, "तुम्ही का नाही जात त्यांच्याकडे?" मिस म्हणाल्या, "त्याने बोलावलं नाही गो." आणि कालवण वाढायला उठल्या.

असे जवळजवळ दोन वर्षांतले रविवार. मग माझं लग्न ठरलं. सासर शीवला. मिस लग्नाला आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या, करड्याऐवजी निळा झगा घालून. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "रविवारी येईन मी."

पहिल्या महिन्यात दोनदा गेले. मग महिन्यातून एकदा. मग सासूबाईंचं आजारपण, माझं बाळंतपण, मुलाचा ताप. प्रत्येक रविवारी काहीतरी असेच, आणि प्रत्येक वेळी ते खरं असे. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी इतक्या सहजपणे स्वतःला सांगत गेले की दीड वर्ष कसं गेलं तेही कळलं नाही. एक पत्र टाकता आलं असतं. टाकलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवसांत सगळ्या गिरगावावर रोषणाई चढत होती. वडिलांना नातवाला ती दाखवायची होती. त्याला त्यांच्याकडे सोपवून मी खोताच्या वाडीत शिरले. हातात मिठाईचा पुडा होता. बाहेरचा जिना चढले तर दाराला कुलूप.

शेजारचे ते म्हातारे गृहस्थ आपल्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला निरखून पाहिलं.

"तू शीवची का?"

"हो."

"गेली ती. फेब्रुवारीत. चार दिवस न्युमोनिया झाला, बस. आम्ही वाडीतल्यांनीच नेली शिवडीच्या कब्रस्तानात." थोडं थांबून ते म्हणाले, "तुला कळवायचं होतं, पण पत्ता कुणाकडे नव्हता. तिला विचारलं होतं आम्ही. म्हणाली, मुलगी संसारात आहे, लहान मूल आहे, तिला धावाधाव नको."

'मुलगी' या शब्दावर ते अडले नाहीत. मीही त्यांना दुरुस्त केलं नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. उठून परत जावं, वडील वाट बघत असतील, हे समजत होतं, तरी बसून राहिले. गल्लीत दोन माणसं या घरापासून त्या घरापर्यंत दिव्यांची माळ ओढत होती. एकजण शिडी घेऊन जिन्यापाशी आला.

"बाई, जरा सरकता का? इथे खिळा मारायचा आहे."

मी उठले आणि त्याला जागा करून दिली.