आधी वायर बघणाऱ्या ताई

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कॉम्प्युटर आले त्या दिवशी सगळ्यात जास्त हिरमुसल्या त्या ताई. टायपिंगच्या खोलीतच त्या मुरलेल्या. दुपारी सगळे टाइपरायटर एकदम चालायला लागले की जिन्यापर्यंत खडखडाट ऐकू यायचा, आणि त्या गलक्यातही ताईंचं मशीन कुठलं ते मला ओळखता यायचं. बाकीच्या धावायच्या, अडखळायच्या, परत धावायच्या. ताई एका चालीने चालत राहायच्या. मी त्याच खोलीत आवक-जावक सांभाळायचे, नोकरीत अगदी नवी होते. त्यांना सगळे टायपिंगच्या बाई म्हणत. मी ताई म्हणायला लागले आणि बघता बघता त्या सगळ्या कार्यालयाच्या ताई झाल्या.

कॉम्प्युटरचे खोके बरेच दिवस कोपऱ्यात तसेच पडून होते. मग एक वेगळी खोली झाली. तिथे खिडक्यांना पडदे लागले, चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला, आणि कॉम्प्युटरच्या प्रत्येक पडद्यावर कापडी झाकण आलं. शिकवायला आलेला माणूस दोन दिवस भराभर बोलला आणि निघून गेला. आम्ही माना डोलावल्या होत्या, पण समजलं कोणालाच नव्हतं. हात लावायला सगळेच घाबरायचे. बिघडलं तर भरून कोण देणार?

एके सकाळी साहेबांना तातडीचं पत्र हवं होतं आणि पडदा काही उजळेना. खालचा हिरवा दिवा लागलेला, पंखा घरघरतोय, पण वर सगळा काळोख. खोलीत गर्दी जमली. कोणी म्हणालं जळलं, कोणी म्हणालं विजेचा दाब कमी आहे. ताई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सकाळी हे पुसलं कोणी?" शिपाईदादांनी पुसलं होतं, तेही मनापासून, ओल्या फडक्याने. ताई पुढे झाल्या, पडद्याखालची बारीक चकती बोटाने फिरवली आणि अक्षरं हळूहळू वर आली. फडक्याच्या घासण्याने उजेडाची चकती शून्यावर गेली होती, एवढंच. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ताईंनी जागेवर बसून पत्र काढायला घेतलं.

पुढे दुरुस्तीला कंपनीचा तंत्रज्ञ आला तेव्हा ताईंनी त्याला चहा दिला आणि सरळ विचारलं, की तुम्ही आल्या आल्या आधी काय बघता. तो मोकळा माणूस होता. हसून म्हणाला, "खरं सांगू का बाई, आधी वायर बघतो. निम्म्या वेळा तेवढंच असतं." मग त्या दोघांनी दुपारभर एक मशीन उघडून ठेवलं. कुठली वायर कुठे जाते, धूळ कुठे साठते, कुठे हात लावायचा आणि कुठे बिलकूल लावायचा नाही, सगळं त्याने दाखवलं. ताई घरी उशिरा पोचल्या. चित्रकलेचे मास्तर असलेल्या त्यांच्या नवऱ्याने भात लावून ठेवला होता आणि तो करपला होता. त्या भाताची गोष्ट ताई पुढे कौतुकाने सांगायच्या.

तेव्हापासून काही अडलं की, ताईंना बोलवा. त्या यायच्या, पदर खोचायच्या, आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "बंद पडायच्या आधी काय केलंत?" उत्तरही ठरलेलं असायचं: "काही नाही." ताई मान हलवायच्या. काही नाही म्हणजे काहीतरी नक्की केलंय, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. मग मशीनच्या मागे वाकून एकेक वायर दाबून बघायच्या. केर काढताना झाडूने ओढलेली, पाय लागून सैल झालेली, कोणीतरी किटली लावायला काढलेली.

माउसचा बाण अडखळायला लागला की त्या माउस पालथा घालायच्या, पोटातला गोळा काढायच्या आणि आतल्या चाकांवरचा मळ नखाने खरवडायच्या. पासवर्ड चुकतोय म्हणून कोणी कासावीस झालं की त्याच्या खांद्यावरून एक बोट पुढे यायचं आणि मोठ्या अक्षरांचं बटण बंद करून जायचं. एकदा कॅशियरचं मशीन सारखं किंचाळत होतं. सगळे कान झाकून उभे, आणि ताईंनी नुसती कीबोर्डवर टेकलेली जाडजूड फाइल उचलली. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तो जिकडे चालला होता तिकडेच हळू ओढायचा, उलटा नाही. नवी गड्डी घालण्याआधी पत्त्यांसारखी फडफडवून घ्यायची. कीबोर्डवर चहा सांडला तर आधी वायर काढायची, मग पालथा घालून दोन दिवस विसरून जायचं. मशीन गोठलं की लोक रागाने बटणं बडवत. त्यांना ताई सांगायच्या, "त्याला एकदाच सांगा. दहादा सांगितलंत तर ते बिचारं दहाही वेळचं ऐकत बसतं." आणि कशानेच नाही जमलं तर बंद करायचं, चार श्वास घ्यायचे, परत चालू करायचं. यातलं जादूचं काही नाही हे त्या स्वतःच सांगत, पण लोकांना ती जादूच वाटायची.

हळूहळू घरोघरी कॉम्प्युटर आले आणि ताईंचे रविवार गेले. त्यांच्या स्वतःच्या घरी आला तेव्हा सासूबाई सगळ्यात आधी त्याच्यावर पत्ते खेळायला शिकल्या. आठवडाभर खेळल्या आणि मग कंटाळल्या. म्हणाल्या, "हा पिसतो चांगलं, पण लबाडी करत नाही. मग मजा काय?"

पण ताईंची आठवण निघाली की मला आमच्या हेडक्लार्कचीच गोष्ट आठवते.

त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. अक्षर असं की मोत्याची सर, आणि मसुदा असा की साहेबांना स्वल्पविराम बदलावा लागत नसे. एखाद्या रागावलेल्या नागरिकाला ते असं पत्र लिहीत, की तो भांडायला यायचा आणि आभार मानून जायचा. कॉम्प्युटर त्यांच्याही टेबलावर आला. आता मसुदा कागदावर लिहून टायपिंगला पाठवायचा नाही, ज्याने त्याने आपला आपण करायचा, असा हुकूम निघाला. आणि भाऊसाहेबांचं मशीन बंद पडायला लागलं.

रोज सकाळी बंद. ताई जायच्या, मागे हात घालायच्या, वायर बसवायच्या, मशीन चालू व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोवर भाऊसाहेबांनी कागदावर दोन मसुदे लिहून काढलेले असायचे. "बिघडलंय, काम तर थांबवता येत नाही ना," असं म्हणून ते पेन बंद करायचे. ताईंनी केर काढणाऱ्या बाईंना विचारून बघितलं, टेबल भिंतीपासून सरकवलं, वायरसुद्धा बदलली. तरी सकाळी हटकून ती बाहेरच.

एकदा ताई लवकर आल्या. सासूबाईंचं औषध आणायला बाहेर पडल्या होत्या, त्या परस्पर कामावर आल्या. कार्यालय रिकामं होतं. दारातून त्यांना भाऊसाहेबांची पाठ दिसली. ते खुर्चीवरून वाकले होते, एक हात टेबलाला धरून, दुसरा मशीनच्या मागे. वायर हातात आली तशी त्यांनी ती हलकेच, आवाज न करता, खाली सोडली. मग ताठ बसून रुमालाने बोटं पुसली.

ताई पावलं न वाजवता मागे फिरल्या. जिना उतरून खाली रस्त्यावर गेल्या आणि सगळे येईपर्यंत पुस्तकांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. ही हकीकत त्यांनी मला सांगितली ती भाऊसाहेब गेल्यानंतर, इतक्या वर्षांनी. मी विचारलं, की तेव्हा राग नाही आला? तर म्हणाल्या, "राग कसला? मला तर माझंच तोंड दिसलं. टाइपरायटर उचलून नेले तेव्हा मलापण वाटलं होतं, ह्या कॉम्प्युटरची एक वायर ओढून टाकावी."

त्या दिवशी नेहमीसारखं बोलावणं आलं. ताईंनी वायर बसवली, पण लगेच निघाल्या नाहीत. समोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, की मला कॉम्प्युटरवर हात चालवता येतो, पण पत्र कसं लिहायचं ते कुठे येतं? मी आयुष्यभर दुसऱ्याचं लिहिलेलं टाइप केलं. तुम्ही सांगा, मी लिहिते.

भाऊसाहेबांनी संशयाने बघितलं. मग सांगायला लागले. ताई टाइप करत राहिल्या आणि मध्येच थांबून विचारायच्या, की इथे 'कळवावे' घ्यायचं की 'कळविण्यात यावे', आणि का. असं बरेच दिवस चाललं. एक दिवस त्यांनी मुद्दामच एक शब्द चुकीचा ठेवला. भाऊसाहेबांना ते सहन होईना. "अहो, सरका जरा," म्हणाले आणि एका बोटाने तो शब्द स्वतः खोडून नीट केला. ताई सरकल्या त्या सरकल्याच. त्यानंतर वायर कधी निघाली नाही.

एका बोटाची दोन बोटं झाली. मग एक दिवस घात झाला. सकाळपासून लिहिलेला लांबलचक अहवाल भाऊसाहेबांनी खपून पुरा केला, काहीतरी नीटनेटकं करायला गेले आणि अख्खी फाइल पुसली गेली. ते उठले, छत्री घेतली, आणि चालू लागले. त्यांचा चेहरा असा होता की त्यांना हाक मारायची कोणाची छाती झाली नाही. ताईच मागे गेल्या. जिन्याच्या वळणावर त्यांना गाठलं.

"माझ्या वयाला हे होणार नाही," ते म्हणाले. "उगाच हसं करून घेतोय मी."

"हसायचं ते उद्या हसू. आज आधी कचऱ्याच्या टोपलीत बघू या," ताई म्हणाल्या.

"टोपलीत? अहो, टोपलीतलं केव्हाच जातं."

"कॉम्प्युटरच्या टोपलीतलं जात नाही. आपण सांगितल्याशिवाय कोणी ती रिकामी करत नाही."

ते परत आले. टोपली उघडली. अहवाल तिथे होता, आणि त्याच्या शेजारी त्यांनी गेल्या काही महिन्यांत नको म्हणून टाकलेली, अर्धवट लिहिलेली सगळी पत्रंही होती. भाऊसाहेब चष्मा काढून ती एकेक वाचत बसले. मधूनच हसायचे. "काय वाईट लिहिलं होतं हो मी हे," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

निवृत्तीचं भाषण त्यांनी स्वतः टाइप करून, स्वतः छापून आणलं. त्यात एका जागी ताईंचे आभार होते, पण नेमके कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, भाऊसाहेबांसारख्या माणसाकडून एक वाक्य अपुरं राहिलं.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांची पत्नी गेली. मुलगी लग्न होऊन दूर देशी होती. भाऊसाहेब एकटे पडले. मुलीने कॉम्प्युटर पाठवला, त्याच्यावर कॅमेरा बसवायचा होता, म्हणून त्यांनी ताईंना फोन केला. ताईंनी मलाही सोबत नेलं. खोली स्वच्छ होती, जरा जास्तच स्वच्छ. कॉटवर एकच उशी होती. ताईंनी वायर बघितली, कॅमेरा बसवला, मुलीला फोन लावला. पडद्यावर मुलगी आली, तिच्या कडेवर तान्हं बाळ. तिचे ओठ हलत होते पण आवाज येईना. भाऊसाहेब घाबरे होऊन कीबोर्ड चाचपायला लागले. ताईंनी कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावरची फुली काढली आणि खोलीत एकदम बाळाचं रडणं भरलं.

भाऊसाहेबांनी हात पुढे केला आणि पडद्यापाशी नेऊन थांबवला. मुलगी म्हणाली, "बाबा, दिसतंय ना?"

"दिसतंय," ते म्हणाले. "तुझ्या आईचं नाक आहे."

ताईंनी मला कोपराने ढोसलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि चहा ठेवला. पाणी उकळलं, आटलं, ताईंनी परत घातलं. बाहेर बोलणं चालूच होतं. नंतर दर रविवारी ते बोलत राहिले, शेवटपर्यंत.

आता ते कार्यालय नव्या इमारतीत गेलंय. जुन्या टायपिंगच्या खोलीत सामान भरलंय म्हणे. काही बिघडलं की फोन करायचा, कुठूनतरी कोणीतरी आपल्या पडद्यावरचा बाण हलवतो आणि काम होतं. छान आहे, पटकन होतं. पण कोणाच्या टेबलापाशी कोणी खुर्ची ओढून बसत नाही.

ताई आता मुलाकडे असतात. सासूबाई गेल्या, मास्तरही गेले. ताईंची बोटं सांध्यांशी सुजतात. मी महिन्यातून एकदा जाते. मागच्या खेपेला त्या बाल्कनीत पाय सोडून बसल्या होत्या, खाली शाळा सुटत होती. आम्ही कॅशियरची आठवण काढली, शिपाईदादांची काढली. बोलता बोलता बघितलं तर त्यांची बोटं मांडीवर हलत होती, एका चालीने, न अडखळता. मी विचारलं, काय लिहिताय?

"काही नाही गं," ताई म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चहा टाकतेस का? आज तूच टाक."