कॅप्टनचा तोंडी होकार

आमच्या कॅप्टनसमोर मान डोलावून सुटका नव्हती. न्यूझीलंडमधल्या हॉर्नबीच्या आमच्या कारखान्यात क्रेनची जबाबदारी त्याच्याकडे होती. सकाळी काम वाटून दिलं की प्रत्येकाने ते आपल्या तोंडाने परत सांगायचं, अशी त्याची पद्धत. आम्ही पुण्याची माणसं, निम्मी उत्तरं मानेनेच देणारी. माझी मान हलली की तो शांतपणे म्हणायचा, "मान नको. शब्द दे." सुरुवातीला मला त्याचा मनस्वी राग यायचा. इंजिनीअर झालो ते पाढे म्हणायला नव्हे, असं मी घरी येऊन आईला ऐकवत असे.

तो जर्मन. पायदळातला राखीव अधिकारी, म्हणजे एरवी नोकरी करायची आणि सैन्याने बोलावलं की गणवेश चढवायचा. न्यूझीलंडला स्थायिक झाल्यावरही वर्षाची सगळी रजा साठवून तो जर्मनीला सरावाला जायचा. बाकीचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन समुद्रावर जात, हा बूट पॉलिश करून चिखलात लोळायला. अफगाणिस्तानात त्याला शौर्यपदक मिळालं होतं, हेही आम्हाला तिसऱ्याकडूनच कळलं. कुणी विचारलं की तो क्रेनची साखळी तपासायला उठायचा.

आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला हे सोवळं मान्य नव्हतं. एका रविवारी तो जेवायला आला होता. त्याला तिसरी पोळी वाढताना ती मला म्हणाली, "पदक माणसं वाचवली म्हणून मिळालं की मारली म्हणून, विचार त्यांना." मी तिचा प्रश्न इंग्रजीत जरा गुळगुळीत करू लागलो, तर कॅप्टनने मला थांबवलं. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांग, म्हणाला. मी सांगितलं.

मग तो खाली बघत बोलला, मी आईला मराठीत सांगत गेलो. रस्त्यात स्फोट झाला, पुढची गाडी पेटली, दोन्ही बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. जळत्या गाडीतून त्याने दोघांना ओढून काढलं, पदक त्याचं. पण गाडीकडे धावण्याआधी त्याने आपल्या हवालदाराला भिंतीआड थांबायला सांगितलं होतं. हवालदाराने मान डोलावली. स्फोटाने त्याचे कान बधिर झाले होते, त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. तो कॅप्टनच्या मागे धावला आणि दहा पावलांवर गोळी लागून पडला, तो कायमचाच. आईचा हात ताटातच राहिला. मला माझ्या रागाची लाज वाटली.

यंदा मे महिन्यात त्याला जर्मन सैन्याचं पत्र आलं. पूर्वेच्या सीमेवर वर्षभरासाठी कंपनीचा, म्हणजे सैनिकांच्या तुकडीचा, प्रमुख हवा, हाताखाली सव्वाशे माणसं, शुक्रवारपर्यंत कळवा. त्या स्फोटानंतर त्याने सरावात नकाशे सांभाळले होते, कागद सांभाळले होते, माणसं मात्र पुन्हा हाताखाली घेतली नव्हती. त्या आठवड्यात त्याचा डबा रोज तसाच परत जायचा. एकच साखळी तो तीन-तीनदा तपासायचा. मी त्याला स्पष्ट सांगितलं, जाऊ नकोस, तुझं करून झालंय. तो म्हणाला, "मला अजून भीती वाटते, हे त्यांना माहीत नाही."

शुक्रवारी पाच वाजता, आमच्या कार पार्कमधून, त्याने हवालदाराच्या बायकोला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते. मी गाडीत बसून काचेतून बघत होतो. तो कमी बोलला. शेवटी येऊन माझ्या शेजारी बसला.

"तिला भीतीचं सांगितलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, भीती नसलेल्या माणसाच्या हाताखाली मी कुणाचाही नवरा पाठवणार नाही. तू जा."

त्याने तिथेच बसून फोनवर तोंडी होकार कळवला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तिने फोन उचलला नसता तर बरं झालं असतं, असंही वाटलं. तो जाऊन आता चार महिने झाले. मला अजून दोन्ही वाटतं.